काटेवाल्या इब्राहिमभाईंनी दुरुस्त केलेली गिटार

दोन-अडीच महिन्यांपूर्वी, एका रविवारी, मी चंद्रपूरच्या बाजारात वांग्यांवरून हुज्जत घालत होतो. भाजीवाल्याकडे नवाकोरा इलेक्ट्रॉनिक काटा होता आणि पारडं रिकामं असतानाही त्यावर लाल आकडे चमकत होते. "काऊन रे भाऊ, रिकाम्या पारड्यातबी वांगे दिसून राह्यले का तुले?" मी विचारलं. तो हसला, मीही हसलो आणि मनात म्हटलं, हे इब्राहिमभाईंना आज सांगायलाच हवं, त्यांना दोन दिवस पुरेल. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. नसीम होती, इब्राहिमभाईंची मुलगी. "काका, अब्बा गेले," ती म्हणाली. सकाळी चहा प्यायले, कप विसळून पालथा घातला, जरा पडतो म्हणाले... आणि उठलेच नाहीत. मला आधी रडू आलं नाही, राग आला. गेली कितीतरी वर्षं हा माणूस कुठेही निघाला की मला कळवून निघत असे. धानोऱ्याले चाललो, मूलले चाललो, परवा येतो. आणि आज एवढ्या लांब निघाला तर एक शब्द नाही. वांगी तिथेच राहिली. मी त्यांच्या गल्लीकडे चालू लागलो, आणि खांदा देऊन परत येईपर्यंत तो राग काही उतरला नाही. रडू आलं ते घरी येऊन चप्पल काढताना.

इब्राहिमभाई काटेवाले म्हणूनच त्यांना सगळे ओळखत. तराजू दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा, त्यांच्या वडिलांचाही तोच. पठाणपुऱ्याच्या बाजूला एका गल्लीत त्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, एक बाज टाकली तर माणसानं बाहेर उभं राहावं एवढी खोली. भिंतीला दांड्या, पारडी, साखळ्या लटकलेल्या, आणि मधोमध काचेच्या चौकटीत त्यांचं लायसन. घरात कुणाचा फोटो नव्हता, पण लायसनला चौकट होती. महिन्यातले पंधरा दिवस ते खांद्याला खाकी पिशवी अडकवून एस.टी.नं गडचिरोलीच्या आठवडी बाजारांत फिरत आणि व्यापाऱ्यांचे काटे सरळ करत. काट्याची परीक्षा त्यांच्या लेखी एकच होती. वजन ठेवलं की काटा हलायला पाहिजे, हे तर कुणीही बघतो. ते बघायचे वजन काढल्यावर. "सोडलं की परत आपल्या घरी आला पाहिजे. जो घरी नाई येत, तो काटा खोटा," असं ते म्हणत. हा नियम ते काट्यापुरता ठेवत नसत. एस.टी.च्या गाड्या, निवडून आलेले पुढारी, माहेरी गेलेल्या सुना, सगळ्यांना तीच परीक्षा लावत आणि बहुतेकांना नापास करत.

अशा माणसाशी माझी गाठ पडली ती एका गिटारमुळे, आणि गिटारची गोष्ट सांगायची तर माझ्या वडिलांपासून सुरुवात करावी लागते. माझे बाबा, यशवंत त्यांचं नाव, गडचांदूरच्या एका सिमेंट कारखान्याच्या गेस्ट हाउसवर अटेंडंट होते. कारखान्याची भट्टी बसवायला एक अमेरिकन इंजिनिअर आला होता, तो दीडेक वर्ष तिथेच राहिला. त्याच्या सामानात एक लांबट पेटी होती. तिच्यातून तो टेबलासारखं एक वाद्य काढी, त्याला चार पाय जोडी, वर दहा तारा, खाली तीन पायडल. संध्याकाळी व्हरांड्यात बसून तो ते वाजवी आणि बाबा दाराशी उभे राहून ऐकत. जाताना त्याला घाई होती. विमानात एवढं ओझं नको म्हणून असेल, किंवा बाबांचं ते दाराशी उभं राहणं त्याच्या ध्यानात आलं असेल, तो म्हणाला, "यशवंत, रख लो." बाबांनी ते ठेवलं. आमच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये, बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीखाली ती पेटी बारा-तेरा वर्षं होती. साहेब परत येऊन मागेल म्हणून बाबा तिला कुणाला हात लावू देत नसत. त्या भक्तीचा परिणाम असा झाला की आत गंज चढला, स्प्रिंगा मेल्या, झुरळांनी संसार थाटले आणि कारखान्याच्या धुळीनं उरलेलं सगळं जाम केलं.

मी तेव्हा धानोऱ्याला वनउपज खरेदीच्या कार्यालयात कारकून होतो आणि सुट्टीत चंद्रपूरच्या एका ऑर्केस्ट्रात हवाईयन गिटार वाजवत असे. म्हणजे मांडीवर आडवी ठेवून, तारांवर पोलादाचा तुकडा सरकवून वाजवतात ती. त्यामुळे गिटारमधलं आपल्याला सगळं कळतं असा माझा समज होता. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर बाबांचे कान जायला लागले. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की हे वाढतच जाणार, कानातल्या यंत्रानं थोडे दिवस निभेल, पुढे तेही नाही. मला वाटलं बाबा खचतील. ते दवाखान्याच्या पायरीवर बसून शांतपणे म्हणाले, "बाकीचे आवाज गेले तं जाऊ दे. लोकं तसेबी तेच ते बोलतात. पण सायबाच्या पेटीतला आवाज एक डाव ऐकून घेऊ दे मले." आयुष्यात त्यांनी माझ्याकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही. हे मागितलं, आणि त्याला मुदत होती. किती, ते कुणालाच माहीत नव्हतं.

मग कारागीर शोधणं सुरू झालं. नागपूरच्या वाद्यांच्या एका दुकानात मी ते धूड टॅक्सीच्या टपावर बांधून नेलं. मालकांनी चष्मा वर करून विचारलं, "ये क्या है, इस्त्री का टेबल?" याला पेडल स्टील गिटार म्हणतात, हे त्यांच्याकडच्या एका जुन्या परदेशी कॅटलॉगमधून मला तिथेच कळलं. एवढं नाव कळलं, पुढे काही नाही. त्यांनी चार चकचकीत पाय तेवढे ठेवून घ्यायची तयारी दाखवली. चंद्रपूरच्या रेडिओ मेकॅनिकनं विजेची बाजू चोख करून दिली, पण पोटातल्या सळया बघून हात जोडले. कोळसा खाणीच्या वर्कशॉपमधला एक ओळखीचा फिटर आला. पेटी उघडल्याबरोबर त्यानं पिशवीतून पाच पौंडी हातोडा काढला, तेव्हा बाबा मध्ये आडवे पडले. एका तबलेवाल्यानं तर वाद्याची दृष्ट काढायला सांगितलं. आईनं ती काढलीसुद्धा. प्रत्येक वेळी मी रिकाम्या हातानं घरी येई आणि प्रत्येक वेळी बाबांशी थोडं अधिक मोठ्यानं बोलावं लागे. त्यावरून मला मुदत कळत होती.

त्या वर्षी हिरड्याची खरेदी सुरू व्हायच्या आधी धानोऱ्याच्या आमच्या गोदामात खाकी पिशवीवाला एक माणूस काटे तपासायला आला. पांढरा पायजमा, कानावर पेन्सिल, बोलणं कमी. डिंक मोजायचा आमचा छोटा तराजू वर्षभर गंजत पडला होता. मी तर तो भंगारात काढायचं पत्रही टाइप करून ठेवलं होतं. त्यानं तो खोलला. एकेक भाग पुसला, दांडी ज्या धारेवर तोलते ती धार कानशीनं नाही, तर बोटावर तेल घेऊन बारीक दगडानं घासली. दीड तास तो तिथून उठला नाही, चहा दोनदा गार झाला. मग त्यानं पारड्यात एक हिरडा ठेवला. काटा हलला. हिरडा उचलला, काटा सरळ घरी. पुन्हा ठेवला, पुन्हा उचलला. असं वीसेक वेळा केलं असेल, आणि दर वेळी त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच बघतोय असा आनंद. मी भंगाराचं पत्र फाडलं आणि विचारलं, "भाई, तुम्ही गिटार दुरुस्त कराल का?" तो म्हणाला, "ते काय असते?" पंधरा दिवसांनी गिटार त्यांच्या दुकानात होती आणि बाज बाहेर गल्लीत आली होती.

आता चुकीबद्दल लिहायला हवं. ती आम्हा दोघांची होती, पण खरं सांगायचं तर बारा आणे माझी. इब्राहिमभाईंनी आठवडाभर नुसतं बघितलं. मग मला बोलावून म्हणाले, "सुधाकरभाऊ, हे पायडल दाबलं की ह्या सळया खिचतात, न् तारेखालचे हे पोलादी बोटं सरकतात. तार हलून जाते. एक डाव हलली की जागेवर येतबी नाई. हे काऊन असं?" मी ऑर्केस्ट्रावाला. मी ऐटीत सांगितलं, "तार हलली तर सूर जाईल ना भाई! तो बिघाडच आहे. पायडल बहुतेक वाद्य घट्ट उभं राहावं म्हणून असतील." जन्मभर काटा जागेवर राहावा म्हणून झिजलेल्या माणसाला हे लगेच पटलं. त्यांनी महिनाभर खपून सगळ्या सळया सोडवल्या, ती सरकणारी बोटं एका पितळी पट्टीनं आवळून टाकली, गंज काढला, तारा नव्या चढवल्या. पायडलही त्यांनी दुरुस्त केले बरं का. पाय ठेवला की लोण्यात गेल्यासारखे खाली जात, उचलला की अलगद वर येत, आणि त्यांच्यानं होत काहीच नसे. काढलेले सगळे भाग त्यांनी फडक्यात बांधून मला दिले. ही त्यांची जुनी रीत होती. निघालेला भाग, मग तो मोडका का असेना, मालकाचा. तो कारागिरानं ठेवायचा नाही आणि फेकायचाही नाही.

गिटार गडचांदूरला नेली तो दिवस मी विसरणार नाही. शेजारपाजारचे जमले, आईनं चुरमुऱ्यांचा सुशीला केला होता. मी जोडणी केली, बाबांना जवळ बसवलं, त्यांच्या कानातलं यंत्र नीट केलं आणि माझ्याकडे होतं नव्हतं ते सगळं कसब पणाला लावून वाजवलं. लोकांनी टाळ्या पिटल्या. बाबा मात्र माझ्या हाताकडे नाही, माझ्या पायांकडे बघत होते. "तुये पाय काऊन बसून राह्यले?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, पायांचं यात काम नाही. त्यांनी मान हलवली. "चांगलं वाजते. पण हे ते नाई." मला संताप आला. अर्धा जिल्हा पालथा घालून, महिनाभर एका भल्या माणसाला राबवून मी हे आणलं, आणि ज्यांना दाराची कडी वाजलेली ऐकू येत नाही ते मला सांगतात हे ते नाही! मी बोलायचं ते बोलून गेलो. कान गेले म्हणून तुम्हाला तसं वाटतं, असंही बोललो. ते वाक्य बाबांना नीट ऐकू आलं, कारण मी ओरडूनच बोललो होतो. त्यांनी कानातलं यंत्र काढून खिशात ठेवलं आणि अंगणात जाऊन बसले. आजही ते आठवलं की मला माझीच लाज वाटते.

इब्राहिमभाईंना हे सांगायला मी चार दिवस घाबरत होतो. लायसनला चौकट करणाऱ्या माणसाला तुमचं काम चुकलं असं कसं सांगणार? शेवटी सांगितलं. त्यांनी हातातली दांडी खाली ठेवली, दुकानाची फळी लावली, पिशवी घेतली आणि मला म्हणाले, "गडचांदूरची गाडी किती वाजता आहे?" बसमध्ये दोन तास ते खिडकीबाहेर बघत होते. मला वाटलं, आता बाबांशी भांडण. घरी आल्यावर मात्र त्यांनी बाबांच्या समोर जमिनीवर मांडी घातली आणि मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून विचारलं, "यशवंतभाऊ, जयभीम. सायब वाजवे तं आवाज कसा होता, मले सांगा." बाबांनी बराच विचार केला. मग दोन्ही हातांची दोन बोटं हवेत धरली. "एक आवाज आपल्या जागेवर उभा राहे," ते म्हणाले आणि डावं बोट तसंच ठेवलं. "दुसरा त्याच्यापाशी हळूहळू चालत जाये. सायबाचा पाय खाली गेला का चालू लागे. थोडा वेळ दोघं सोबत राहत. मंग सायब पाय उचले, न् तो परत आपल्या घरी जाये." उजवं बोट चालत डाव्याजवळ गेलं, थांबलं आणि परत आलं.

इब्राहिमभाई त्या बोटांकडे बघतच राहिले. "परत घरी जाये? पक्कं?" "रोज जाये," बाबा म्हणाले. तेव्हा इब्राहिमभाई जे हसले ते मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. "मंग हा तं काटाच झाला! दाबलं का चालते, सोडलं का घरी येते. या अल्ला, मी बिमारी समजून चांगल्या माणसाचे पाय बांधून ठेवले न् भाऊ!" मग माझ्याकडे वळून, "न् तुम्ही म्हणे गिटार मास्तर!" बाबांना हे शेवटचं ऐकू आलं नसावं, पण माझा चेहरा बघून तेही हसायला लागले. चार दिवसांनी त्यांनी पहिल्यांदा कानात यंत्र घातलं ते त्या दुपारी.

आता सळया हव्या होत्या, आणि फडक्यातलं गाठोडं आईच्या ताब्यात गेलं होतं. घरात आलेली वस्तू आई बिनकामाची ठेवत नसे. एका सळईनं ती परकराची नाडी ओवत होती. "यासारखी चीज बाजारात भेटत नाई," असं तिनं वर आम्हाला सुनावलं. दुसरीला टोकाशी वाकवून ती विहिरीत पडलेला गडू काढायला शेजारणीनं नेली होती. दोन स्प्रिंगा जाळीच्या कपाटाला लागल्या होत्या, मांजर आत शिरू नये म्हणून. इब्राहिमभाई घरोघर फिरून आपल्याच हातानं सोडवलेले भाग गोळा करत होते आणि प्रत्येक ठिकाणी आधी ती वस्तू तिथे किती चांगलं काम करते आहे ते बघून दाद देत होते. कपाटाला त्यांनी दुसऱ्या दिवशी नवी स्प्रिंग आणून बसवली, तेव्हा कुठे आईनं जुन्या सोडल्या. नाडीची सळई मात्र तिनं पाच दिवस दिली नाही.

पुढचे दोन महिने ते दुकानात कमी आणि गिटारच्या पोटात जास्त होते. बाजारांच्या फेऱ्याही त्यांनी चुकवल्या. मेलेल्या स्प्रिंगांच्या जागी दुसऱ्या मिळेनात तेव्हा जुन्या काट्यांच्या स्प्रिंगा कापून, तापवून, पुन्हा गुंडाळून नवीन केल्या. मोठी अडचण होती ती सुराची. तार घरी आली की नाही हे त्यांना कानानं कळत नसे. माझा कान ऐकून सांगे, पण माझ्यावर त्यांचा विश्वास उडालेला. मग आमच्या ऑर्केस्ट्रातल्या कीबोर्डवाल्याकडून मी सूर लावायचं एक छोटं यंत्र आणलं. तार छेडली की त्यावर काटा हलतो, सूर बरोबर असेल तर मध्ये थांबतो. ते बघून इब्राहिमभाई हरखून गेले. "सुरालेबी काटा असते?" त्यांनी विचारलं, आणि त्या दिवसापासून काम सरळ झालं. पायडल दाबायचा, काटा चढायचा. सोडायचा, काटा मध्ये यायचा. केसभर जरी अलीकडे-पलीकडे राहिला तरी ते पुन्हा सगळं खोलत. "राहू द्या भाई, एवढं कुणाले कळते?" मी कंटाळून एकदा म्हटलं. "तुमच्या बाबांले कळलं ना," ते म्हणाले.

दुसऱ्यांदा गिटार गडचांदूरला गेली तेव्हा मी कुणाला बोलावलं नाही. दुपारची वेळ होती. कारखान्याच्या चुनखडीच्या खाणीतला रोजचा सुरुंग नुकताच उडाला होता आणि तो बाबांना कानांनी नाही, तळपायांनी कळला होता. म्हणून इब्राहिमभाईंनी त्यांचे दोन्ही हात गिटारच्या लाकडावर ठेवले. मी दोन तारा एकदम छेडल्या आणि हलकेच पहिला पायडल दाबला. एक सूर उभा राहिला. दुसरा उठला आणि त्याच्याकडे चालत गेला. मी वर्षानुवर्षं पोलाद सरकवून गिटार वाजवत होतो, पण असं काही माझ्या हातून कधी निघालं नव्हतं. माझ्याच अंगावर काटा आला. मग मी पाय उचलला आणि तो परत गेला. बाबांनी डोळे मिटले होते. "आला," ते म्हणाले. थोड्या वेळानं पुन्हा, "आला." इब्राहिमभाई मात्र सूर लावायच्या यंत्राकडे बघत होते, काटा मध्ये आला तसं त्यांनी मोठा श्वास सोडला. बाबांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "सायब याहून चांगला वाजवे." आई स्वयंपाकघरातून ओरडली, "सायबाले कारकुनी होती का तुमच्या पोरासारखी!" आणि आम्ही सगळे हसलो.

त्यानंतर तीनेक वर्षं बाबांचे कान कसेबसे राहिले. मी गडचांदूरला गेलो की रोज संध्याकाळी त्यांचे हात लाकडावर ठेवून वाजवत असे. पुढे कान पूर्ण गेले तरी हात ठेवत. नंतर बाबाही गेले आणि गिटार माझ्याकडे चंद्रपूरला आली. इब्राहिमभाईंचं येणं मात्र थांबलं नाही. तराजूचं दर वर्षी सरकारी पासिंग होतं, त्याशिवाय तो वापरता येत नाही. मग ह्या काट्याला सूट का, असं त्यांचं म्हणणं. पावसाळ्यात लाकूड फुगतं, म्हणून दिवाळीनंतरचा पहिला रविवार त्यांनी ठरवला. दर वर्षी ते येत, दहाही तारा, तिन्ही पायडल तपासत, आणि सगळे सूर घरी आले की गिटारच्या तळाला एक बारीक टिंब ठोकत. सरकारी शिक्का मारायचा आपल्याला अधिकार नाही, म्हणून फक्त टिंब. ज्या पितळी पट्टीनं त्यांनी पहिल्या वेळी ती पोलादी बोटं आवळली होती तीच त्यांनी तळाला स्क्रूनं बसवली होती आणि टिंबं तिच्यावरच मारत. "माह्या चुकीवरच पासिंग," असं म्हणत. पट्टीवर सरळ रेषेत टिंबं वाढत गेली. एका वर्षी मी त्यांना विचारलं, एवढं करता, एखादं गाणं सांगा, वाजवतो. ते ओशाळले. "खरं सांगू का सुधाकरभाऊ, गाण्याबिण्यातलं मले काही समजत नाई. मले फक्त तो घरी येते ना, ते आवडते." बाबांनी काय ऐकलं आणि या माणसानं काय ऐकलं, हे दोन्ही त्या एका वाद्यात होतं. मी मधला, नुसता वाजवणारा.

यंदा दिवाळीनंतरच्या रविवारी मी गिटारचं झाकण काढलंच नव्हतं. सकाळी अकराच्या सुमारास नसीम आली. ती शाळेत शिकवते, तराजूंशी तिचा काही संबंध नाही. तिच्या खांद्याला ती खाकी पिशवी होती. अब्बांचं कॅलेंडर बघत होते, ती म्हणाली, त्यात आजच्या तारखेला उर्दूत लिहून ठेवलं आहे, 'यशवंतभाऊ, पासिंग'. माझं नाव नाही. बाबांना जाऊन इतकी वर्षं झाली, तरी नाव बाबांचंच. मी झाकण काढलं. इतकी वर्षं बघत आलो होतो, पण सळयांच्या स्क्रूला हात कधी लावला नव्हता. नऊ तारा घरी आल्या, सहावी केसभर बाहेर राहिली. मी स्क्रू फिरवला तर ती आणखी लांब गेली. नसीम हसून म्हणाली, "काका, उलटा फिरवा ना." दोन तास गेले. एक वाजता काटा चढला, उतरला आणि मध्ये येऊन उभा राहिला. मी वीस वेळा दाबून-सोडून बघितलं. मग गिटार उलटी केली, नसीमनं पिशवीतून पंच आणि छोटी हातोडी काढली, पट्टीवर नेम धरला, डोळे मिटले आणि ठोकलं. टिंब रेषेच्या बोटभर खाली पडलं. तिचा चेहरा उतरला. "अब्बांनी हे चालवून घेतलं नसतं," ती म्हणाली. "पुसता येईल का?" पितळेवरचं टिंब कसलं पुसतं... मी पट्टीवरून बोट फिरवलं आणि तिला म्हटलं, "राहू दे. आता रांग इथून धरू."